एकट्या पिल्लाला दुसऱ्या कुत्रीच्या वेतात सोडावं का?

कुत्रीला एकच पिल्लू झालं. किंवा पाच झाली आणि एकच जगलं. किंवा आई रस्त्यावर गाडीखाली गेली आणि पायरीखाली एक पिल्लू ओरडताना सापडलं. या तिन्ही वेळी शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असतो: अमक्यांची कुत्री नुकतीच व्यालीय, तिच्यात सोडून द्या. सल्ला आपुलकीचा असतो आणि कित्येकदा बरोबरही असतो, पण तिन्ही पिल्लांना तो सारखा लागू पडत नाही. पहिल्या पिल्लाची आई जिवंत आहे, तिच्यापासून त्याला तोडणं बहुधा चूक ठरतं. दुसऱ्याची भावंडं कशाने गेली हे कळल्याशिवाय त्याला हलवणं धोक्याचं आहे. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र एकेक तास मोलाचा असतो. दोन्हीकडच्या जिवांची जबाबदारी आपण घेत असतो, म्हणून "ती पाजेल का?" या प्रश्नाआधी आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात.

आधी ऊब, मग बाकी सगळं

पिल्लू हातात आल्यावर निर्णय घ्यायची घाई नको, त्याला गरम करायची घाई करा. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही, थंडीने कुडकुडणंही त्याला जमत नाही. पहिल्या आठवड्यात गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असावं. मऊ टोकाचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोकाला थोडं व्हॅसलीन लावायचं. तापमान ३४.५ च्या खाली असेल तर दूध अजिबात पाजू नका. थंड पिल्लाचं आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहून नासतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. भुकेलं समजून थंडगार पिल्लाला घाईने दूध पाजणं ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे आणि तिने बरीच पिल्लं जातात.

गरम करायचं ते हळूहळू, एक ते तीन तास घेऊन. कपड्याच्या आत, छातीशी, अंगाला अंग लावून धरणं ही सगळ्यात सुरक्षित पद्धत. नाहीतर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहील. वीज जाण्याची खात्री असेल तिथे बल्बवर विसंबू नका, थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा. पिल्लू अगदी मलूल असेल तर मधाचे किंवा साखरेच्या पाण्याचे दोन थेंब हिरडीवर चोळायचे, घशात ओतायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या जागेचं तापमान ३० ते ३२ अंश लागतं, दुसऱ्यात २७ ते २९. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरमधल्या रात्री हे आपोआप मिळत नाही.

पिल्लू गरम झालं की वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि वर एक वाडगा, एवढं पुरतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून पाहायचे आहेत. नाळ ओली असेल तर बीटाडीन लावा.

त्याची स्वतःची आई आहे का?

आई जिवंत आहे, तिला दूध आहे आणि ती पिल्लाला चाटते, तर पिल्लू तिच्याजवळच राहू द्या. एकटं पिल्लू म्हणजे दुबळं पिल्लू नव्हे. उलट पोटात जागा आणि पोषण एकट्यालाच मिळाल्याने ते बहुतेक वेळा मोठं निघतं. (म्हणूनच एकाच पिल्लाच्या बाळंतपणात सिझेरियनची वेळ जास्त येते. प्रसूती सुरू करणारा इशारा एकट्या पिल्लाकडून पुरेसा जात नाही.) अशा पिल्लाला उचलून दुसरीकडे दिलं तर तीन ठिकाणी नुकसान होतं. पिल्लू आईला मुकतं. आईची सडं तुंबतात, दुखतात आणि स्तनदाहाची शक्यता वाढते. शिवाय दुसऱ्या वेतावर एक तोंड विनाकारण वाढतं.

पिल्लाला सोबत नाही एवढंच कारण असेल तर उलटा विचार करून पाहा. ओळखीत कुठे आठ-नऊ पिल्लांचं मोठं वेत असेल, त्यातली दोन लहानखुरी मागे पडत असतील, तर त्यांना या आईकडे आणा. तिच्याकडे दूध भरपूर आहे आणि आठ-दहा सडं आहेत. आम्हाला हा मार्ग कायम अधिक पटतो, कारण इथे भार कमी असलेल्या आईवर टाकला जातो. हेही जमलं नाही तरी पहिले तीन आठवडे पिल्लाला भावंडांच्या खेळाची गरज नसते. ऊब, दूध आणि आईची जीभ हवी असते. खेळाचा प्रश्न नंतर येतो, त्याकडे शेवटी येऊ.

आई आहे पण पाजत नसेल तर कारण शोधा. सिझेरियननंतर भुलीचा अंमल, दुखणं, ताप, मोठ्या आवाजाची किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांची भीती, यांपैकी काहीही असू शकतं. पशुवैद्यक वेदनाशामक किंवा पान्हा सुटायचं औषध देऊ शकतात. तिला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून दर दोन तासांनी पिल्लू सडाला लावलं तर बऱ्याच कुत्र्या दिवसभरात सावरतात.

आई नाही, आईला दूध आलेलंच नाही, किंवा ती पिल्लावर धावून जाते, अशाच वेळी दूधआई शोधायची.

चिकाचं घड्याळ

गाईच्या वासराला चीक का पाजायचा हे मराठी घरात सांगावं लागत नाही. कुत्र्याच्या पिल्लाचंही तेच आहे. रोगप्रतिकारक द्रव्यांपैकी फार थोडी, पाच-दहा टक्के, गर्भात असताना मिळतात. उरलेली सगळी चिकातून येतात, आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट जन्मानंतर लवकर बंद होते. पहिले बारा तास सर्वोत्तम, चोवीस तासांनंतर जवळपास काहीच नाही.

म्हणून पिल्लू जन्मून काही तासच झाले असतील आणि एक-दोन दिवसांत व्यालेली निरोगी, लसीकरण झालेली कुत्री जवळ असेल, तर तिथे जाण्याचा फायदा प्रचंड आहे. जोखीम थोडी जास्त वाटली तरी घ्यावी. दूधआई आठ दिवसांपूर्वी व्यालेली असेल तर दूध उत्तम मिळेल, पण चीक नाही. आणि पिल्लूच दोन दिवसांचं झालं असेल तर चिकाचा मुद्दा निकालात निघाला, मग घाई करून कमी योग्य जागा पत्करायचं कारण उरत नाही. चीक अजिबात न मिळालेल्या पिल्लाला निरोगी, लसवंत मोठ्या कुत्र्याच्या रक्तातलं सीरम देता येतं. ते काम पशुवैद्यकाचं, पण विचारायला विसरू नका आणि पहिल्याच दिवशी विचारा.

दूधआई कशी असावी

सडं मोजा. बहुतेक कुत्र्यांना आठ ते दहा असतात, पण सगळी चालू नसतात. प्रत्येक सड हलकेच दाबून दूध येतं का पाहा. मागच्या जोड्यांना साधारणपणे दूध जास्त असतं. चालू सडांपेक्षा पिल्लं निदान दोनने कमी असतील तर एक जास्तीचं पिल्लू सामावतं. आठ सडं आणि आठ पिल्लं असतील तर तिच्याकडे जाऊ नका. तिचं सगळ्यात लहान पिल्लू त्याची किंमत मोजेल.

वयाचा फरक दोन-तीन दिवसांचा असेल तर छान. आठवड्याचा असेल तर निभावतं, पण लक्ष जास्त द्यावं लागतं. दहा दिवसांची पिल्लं नवजाताच्या दुप्पट वजनाची असतात, त्याला सडावरून सहज ढकलतात. आकाराचंही तसंच. लॅब्राडोरच्या वेतात पॉमेरेनियनचं पिल्लू सोडलं तर दूध पुरेल, पण ते चिरडलं जाण्याची भीती राहते. गावठी किंवा कारवानी कुत्रीकडे दुसऱ्या मध्यम जातीचं पिल्लू सहसा नीट वाढतं. जातीपेक्षा वजन जुळवा.

स्वभाव पाहताना ती माणसांशी किती प्रेमळ आहे यावर जाऊ नका. मालकाने तिची स्वतःची पिल्लं हाताळली तर ती शांत राहते का, हे बघा. पहिल्यांदाच व्यालेली, बावरलेली, पिल्लं सारखी इकडून तिकडे हलवणारी कुत्री टाळा.

लहान जातीच्या कुत्र्यांबाबत एक विशेष सावधगिरी. व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत भरपूर पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम अचानक घसरू शकतं. अंगाला कंप, धाप, ताठरलेले पाय, अस्वस्थ येरझारा ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर पिल्लं बाजूला करून तत्काळ दवाखाना गाठायचा, काही तासांत जीव जाऊ शकतो. शिह त्झू किंवा पॉमेरेनियनला आधीच चार पिल्लं असतील तर पाचवं देऊ नका. कुठल्याही दूधआईचा आहार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतो. दूधपोळीवर हे भागत नाही. पिल्लांचा कोरडा आहार, अंडी, शिजवलेलं चिकन आणि सदैव भरलेलं पाण्याचं भांडं हवं. हा खर्च पिल्लू देणाऱ्याने उचलावा, आणि तसं आधीच बोलून घ्यावं.

ज्या कुत्रीची पिल्लं जन्मतःच गेली, पण दूध आलं आहे, ती सर्वांत चांगली दूधआई, अट एवढीच की पिल्लं संसर्गाने गेलेली नसावीत. माजानंतर सहा-आठ आठवड्यांनी खोटं गाभण राहिलेल्या काही कुत्र्यांनाही दूध येतं आणि त्या पिल्लू मनापासून सांभाळतात. त्यांच्याकडे चीक नसतो आणि दूध बेताचं असतं, म्हणून वरचं दूध सोबत चालू ठेवावं लागतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत हात आखडता घ्या. पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत गल्लोगल्ली वेतं दिसतात, म्हणून दूधआई मिळणं सोपं वाटतं. एकाच टोळीतल्या, नात्यातल्या कुत्र्या एकमेकींची पिल्लं पाजतात, आजी नातवंडांना पाजते, हे भारतातल्या भटक्या कुत्र्यांच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. पण माणसाने आणून ठेवलेलं परकं पिल्लू ही वेगळी गोष्ट. अशा वेळी कुत्री बिचकून सगळं वेत हलवते आणि नव्याला मागे टाकून जाते. पश्चिम बंगालमधल्या दीर्घ निरीक्षणात भटक्या वेतांतलं पाचांत जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांपर्यंत जगलेलं आढळलं, हेही ध्यानात असू द्या. कुत्री रोज हातून खाणारी असेल, वेत बंद आवारात असेल आणि कोणीतरी दर काही तासांनी पाहणार असेल, तरच हा मार्ग.

इथे नाहीच म्हणायचं

पुढच्या गोष्टींत दयेने निर्णय बदलू नका. एका पिल्लासाठी सहा पिल्लांचं वेत संपू शकतं.

पिल्लाची भावंडं एकामागून एक, रडत, पोट फुगून किंवा कारण न कळता गेली असतील, तर त्याला दुसऱ्या वेतात नेऊ नका. कुत्र्यांचा नागीण गटातला एक विषाणू तीन आठवड्यांखालची पिल्लं अशीच मारतो, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सहा ते दहा दिवस जातात. म्हणजे आज चांगलं दिसणारं पिल्लूही तो घेऊन जाऊ शकतं. जुलाब, डोळ्यांतून किंवा नाकातून स्राव, नाळेशी पू किंवा अळ्या असतील तर आधी उपचार.

आईचा मृत्यू विचित्र वागून, लाळ गाळत, चावत सुटून किंवा कारण न समजता झाला असेल तर रेबीजचा संशय धरायचा. ते पिल्लू कुठल्याही वेतात जाणार नाही. ज्यांनी त्याला किंवा त्याच्या आईला हाताळलं त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लस घ्यावी.

दुसऱ्या बाजूनेही तपासा. दूधआईचं 'सेव्हन-इन-वन' किंवा 'नाइन-इन-वन' म्हणतात ते एकत्रित लसीकरण आणि रेबीजची लस झाली आहे का, तिला गोचीड ताप आहे का, हिरड्या फिकट आहेत का, अंगात ताप आहे का, एखादं सड गरम, कडक, लालसर-काळपट आहे का. त्या घरात गेल्या वर्षात पार्वोने (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूने) कुत्रं गेलं असेल तर तिथे जाऊ नका. तो विषाणू फरशीच्या फटीत आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही, आणि फिनाईलचा वास व अंश पिल्लांना घातक असतो. फरशी धुऊन मग घरगुती ब्लीच एकास तीस पाणी या प्रमाणात दहा मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने पुसायची, वाळल्यावरच पिल्लं परत ठेवायची.

वेतात सोडण्याची रीत

वेळ अशी निवडा की दूधआईची सडं भरलेली आहेत, तिचं खाणं झालं आहे आणि घरात पाहुणे नाहीत.

पिल्लू निघण्यापूर्वी त्याला शू-शी करवून घ्या. कोमट ओल्या कापसाने खालचा भाग हलकेच पुसला की होते. साबणाचा, परफ्यूमचा, आपल्या हाताचा वास त्याच्यावर राहू नये. अंघोळ घालू नका, थंडी बसेल.

दूधआईला मालकाने पंधरा-वीस मिनिटं बाहेर फिरवून आणावं. तेवढ्यात तिच्या अंथरुणातलं, वापरलेलं फडकं पिल्लाच्या अंगावरून, विशेषतः डोक्यावरून आणि शेपटीखालून फिरवा. तिच्या एखाद्या पिल्लाला शू करवून त्याच फडक्याचा ओला कोपरा नव्याला लावा. तिचं थोडं दूध काढून ठेवलं असेल तर तेही चोळा. मग नव्याला ढिगाच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. सगळी एकमेकांवर लोळून वास मिसळायला दहा मिनिटं पुरतात.

कुत्री परत आल्यावर मालकाने तिच्या डोक्याशी बसावं, पट्टा सैल धरून, हळू आवाजात बोलत. पिल्लू आणणाऱ्याने खोलीबाहेर राहिलेलं बरं. ती वास घेईल. नव्याचा शेपटीखालचा भाग चाटायला लागली तर जवळजवळ जिंकलं, कारण तो चाटल्याशिवाय पिल्लाला शू-शी होत नाही आणि ते काम ती आपल्यांसाठीच करते. एकदा नाकाने बाजूला सारलं म्हणजे नकार नव्हे. पण अंग ताठ, नजर एकाच पिल्लावर खिळलेली, ओठ वर, गुरगुर, किंवा त्यालाच तोंडात धरून खोक्याबाहेर नेणं, यांतलं काहीही दिसलं तर पिल्लू लगेच उचला. दोन-तीन तासांनी पुन्हा एकदाच प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर विषय संपवा. तोंडाला मुसकं बांधून जबरदस्ती पाजवणं हे उत्तर नाही, कारण रात्री मुसकं काढावं लागतं.

ती आडवी झाल्यावर पिल्लाला मागच्या सडाशी न्या, दुधाचा एक थेंब काढून त्याच्या ओठाला लावा. जीभ सडाभोवती गुंडाळली गेली, पुढचे पंजे सडाभोवती दाबू लागले की ते पितंय. चटक-चटक आवाज येत असेल तर हवा ओढतंय, पुन्हा लावा. मोठी पिल्लं ढकलत असतील तर दर तिसऱ्या तासाला त्यांतली दोन-तीन धष्टपुष्ट दहा मिनिटं उबदार टोपलीत ठेवा आणि नव्याला निवांत पिऊ द्या.

पहिले चोवीस तास कोणीतरी जागं हवं. पहिल्या दोन-तीन रात्री आलटून पालटून झोपा. पिल्लू दूधआईच्या पाठीमागे, भिंतीशी दबलं जाणं हा या काळातला मोठा धोका आहे. खोक्याच्या आतून भिंतीपासून चार बोटं अंतरावर एक दांडी किंवा पाइप बसवला तर मागे सुरक्षित खाच राहते.

काटा काय सांगतो

पिल्लू सारखं आईजवळ असतं म्हणजे त्याला दूध मिळतं, असं नाही. कोरडं सड चोखत पडलेलं पिल्लूही शांत दिसतं. म्हणून पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी वजन, मग दिवसातून एकदा. ओळखीसाठी एका नखाला नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. गळ्यात लोकरीचा धागा बांधायचा तर रोज सैल करावा लागतो, ते विसरण्याची भीती मोठी.

पहिल्या दिवशी थोडं वजन उतरू शकतं, पण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतर रोज जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के वाढ हवी. ३०० ग्रॅमचं पिल्लू रोज १५ ते ३० ग्रॅमने वाढावं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास दुप्पट व्हावं. चोवीस तासांत काटा हललाच नाही तर वरचं दूध सुरू करा. सलग दोन वेळा उतरला तर दवाखाना. दूधआईच्या स्वतःच्या पिल्लांचंही वजन घ्या, त्यांची वाढ थांबली असेल तर नव्याला दूध पुरत असूनही बेत फसलेला आहे.

वरचं दूध म्हणजे पिल्लांसाठीची तयार पावडर. कुत्रीच्या दुधात प्रथिनं साधारण सात-आठ टक्के आणि स्निग्धांश नऊ-दहा टक्के असतो. गाईच्या दुधात दोन्ही निम्म्याहून कमी आणि दुग्धशर्करा जास्त, त्यामुळे जुलाब होतात आणि वजन वाढत नाही. शेळीचं दूध पचायला बरं, पण तेही पुरेसं नाही, एखादी रात्र काढण्यापुरतं ठीक. पहिल्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात १५ ते २० मिली, दर तीन तासांनी विभागून. एका वेळी १०० ग्रॅममागे ४ मिलीपेक्षा जास्त नाही, पोटात तेवढीच जागा असते. दूध अंगाइतकं कोमट. पिल्लू पालथं, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं.

अर्धी सोबतही चालते

दूधआईने पाजायला नकार दिला, पण पिल्लू जवळ असलेलं तिला चालतं, असं बऱ्याचदा होतं. ही जागा सोडू नका. दूध बाटलीने द्या, ऊब, चाटणं आणि भावंडांचा ढीग तिथे मिळू द्या. दूधआई मिळालीच नाही तर पिल्लू हातावर वाढवता येतं. तीन आठवडे रात्री उठायची तयारी हवी, एवढंच.

एकट्या वाढणाऱ्या पिल्लाचे दोन धोके वेगळे. आईकडे एकटंच पिणारं पिल्लू फार गुबगुबीत होतं, हालचाल करत नाही, छाती चपटी पडते आणि पाय बाजूला फाकतात. त्याला शहाबादी किंवा टाइल्सच्या गुळगुळीत फरशीवर, वर्तमानपत्रावर ठेवू नका. गोणपाटावर घट्ट ताणलेली सुती चादर घाला, पिल्लू दिवसातून अनेकदा कुशीवर वळवा आणि सडापासून थोडं दूर ठेवा, म्हणजे सरपटत जाईल.

दुसरा धोका वागण्याचा. आपण चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. हवं ते तत्काळ मिळत नाही, हेही तिथेच कळतं. तिसऱ्या आठवड्यानंतर दात येतात आणि हा अभ्यास सुरू होतो. नवजात अवस्थेत वेत मिळालं नाही तरी चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून त्याच वयाच्या, जंतनाशक दिलेल्या, निरोगी पिल्लांबरोबर एखाद्या घरात रोज अर्धा तास खेळ मिळाला तर बरंच भरून निघतं. जागा अशी हवी जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत, आणि आत जाताना चपला दाराबाहेर.

जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दूधआई आणि सगळी पिल्लं एकाच दिवशी, मात्रा वजनावरून पशुवैद्यक सांगतील. लसीचं वेळापत्रक सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. या पिल्लाला चीक मिळाला नसेल तर ते तेव्हा आवर्जून सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. वेतातली पिल्लं आठव्या आठवड्यात घरोघर जायला लागतील, तेव्हा आणलेलं पिल्लू शेवटी एकटं उरणार नाही अशा बेताने त्याचं घर आधीच ठरवून ठेवा.